कोर्टात थांबलेल्या पैशाचं व्याज

अध्यक्ष आणि मित्रहो, विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे, त्यांनी आत्ताच कान टवकारले असतील. हात वर करू नका, भाऊबंद शेजारच्या खुर्चीवरच असतात. (हशा)

मूळ मुद्दा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा आहे: कोर्टात पडून असलेल्या पैशाच्या व्याजातून गरीब आरोपींना वकील द्यावा का? पण माझ्या डोक्यात तो शिरला तो माझ्या वडिलांमुळे, म्हणून आधी ते सांगते.

वडील गुळाचा व्यापार करत. एका आडत्याने त्यांचे ४१,००० रुपये थकवले. दावा लावला, हुकूमनामा मिळाला, आडत्याने रक्कम कोर्टात भरली. आईने शिरा केला. शिऱ्याचं पातेलं घासून होतंय तोवर वडिलांच्या जुन्या भागीदाराचा अर्ज आला, की यात माझाही वाटा आहे. झालं! पैसे कोर्टात अडकले ते ९ वर्षं. अखेर भागीदाराचा अर्ज फेटाळला गेला आणि आम्ही चेक घ्यायला गेलो. मी तेव्हा नुकतीच सनद घेतली होती. चेक बरोबर ४१,००० चा. वडिलांनी विचारलं, "साहेब, व्याज?" नाझर, म्हणजे कोर्टातल्या पैशांचा हिशेब सांभाळणारा, सज्जन माणूस. त्याने रजिस्टर आमच्याकडे वळवलं आणि म्हणाला, "काका, एफडीचा अर्ज कुणी दिलाच नाही. अर्ज नाही तर हुकूम नाही, हुकूम नाही तर व्याज नाही."

आडत्याकडून मागावं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम १ आडवा येतो. त्याने रक्कम भरून रीतसर नोटीस दिली, की तिथून पुढचं व्याज थांबतं. सरळव्याजाने ८ टक्के धरले तरी ९ वर्षांचे २९,५२० रुपये होतात. ते कुणी चोरले नाहीत, आणि हेच मला अजून बोचतं. चोर असता तर फिर्याद तरी दिली असती. एस्टी स्टँडपर्यंत वडील काही बोलले नाहीत. तिथे बाकावर बसल्यावर म्हणाले, "हे पैसे हाताशी नव्हते म्हणून मी पतपेढीला १६ टक्क्यांनी व्याज भरलं." इतकंच.

तेव्हापासून मी हा प्रश्न सोडलेला नाही. खटला रेंगाळतो, पैसा थांबतो, पण पैशाची वाढायची ताकद थांबत नाही. मग ती वाढ कुणाची?

अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. फ्लोरिडात वेब्ज नावाची औषधांची दुकानं विकली गेली. दुकानांच्या डोक्यावर देणी फार, म्हणून विक्रीचे १८ लाख डॉलरहून अधिक पैसे कोर्टात जमा झाले. त्यावर एक लाखाहून जास्त डॉलर व्याज झालं. कोर्टाच्या क्लार्कने रक्कम सांभाळल्याची फी वेगळी घेतली, आणि राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून व्याजही कोर्टाचं म्हणून ठेवून घेतलं. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की व्याज मुद्दलाच्या मागे जातं. मुद्दल ज्याचं, व्याज त्याचं. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा वडील हयात नव्हते. त्यांना तो मराठीत वाचून दाखवायला मला फार आवडलं असतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. बरं, मग जॉर्जियाकडे पळू या.

१९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गिडियन खटल्यात ठरलं, की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्याने वकील द्यायचा. क्लॅरेन्स गिडियनने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला होता. पुन्हा खटला चालला, वकील मिळाला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पण वकिलाचा पगार कुठून, याचं उत्तर निकालात नव्हतं, ते प्रत्येक राज्याने आपापलं शोधलं. जॉर्जियाने शोधलेल्या वाटांपैकी एक अशी: सुपीरियर कोर्टाचे क्लार्क लोकांची जी रक्कम सांभाळतात आणि शेरीफकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाकडे, जामिनाची जी रोख रक्कम येते, ती व्याजाच्या खात्यात ठेवायची, आणि बँकेने खर्च वजा करून उरलेलं व्याज गरीब आरोपींना वकील पुरवणाऱ्या राज्याच्या पब्लिक डिफेंडर कौन्सिलसाठी पाठवायचं. म्हणजे एका आरोपीच्या जामिनाच्या पैशाने दुसऱ्या आरोपीचा वकील उभा राहतो. मला ही कल्पना सुंदर वाटते.

मग व्याज मालकाचं, या वेब्जच्या निकालाचं काय? याचा धागा २००३ च्या ब्राउन खटल्यात आहे. तो वकील अशिलांचे पैसे ज्या खात्यांत ठेवतात त्यांबद्दलचा, ५ विरुद्ध ४ असा निकाल. रक्कम इतकी लहान किंवा इतक्या थोड्या दिवसांची, की खर्च जाता मालकाच्या हाती काही उरलंच नसतं, तर त्याचं नुकसान शून्य आणि भरपाईही शून्य. माझी रेघ इथेच आहे. थोडक्या दिवसांचे सुटे पैसे एकत्र करून त्याचं व्याज गरिबाच्या बचावाला द्यावं, जरूर द्यावं. मोठी, वर्षानुवर्षं अडकलेली रक्कम मात्र मालकाच्या नावावरच वाढली पाहिजे.

दुसरं, घाईत सांगते: या व्याजावर बचाव पक्षाचं घर चालवू नये. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, २००८ च्या डिसेंबरमध्ये व्याजदर शून्यालगत आणला, तो ७ वर्षं तिथेच राहिला. २०२० मध्ये पुन्हा तेच. दर पडतात तेव्हा मंदी असते, लोकांची नोकरी गेलेली असते, वकील परवडत नाही. म्हणजे गरज वाढते त्याच वर्षी झरा आटतो. पगार अंदाजपत्रकातूनच यायला हवेत, व्याज वरखर्चाला.

आपल्याकडे होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७८ चा निकाल मोफत वकिलाच्या हक्काचा पाया आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन विधी साहाय्य निधीही आहेत. कोर्टात पडून असलेल्या लहान रकमांचं व्याज जिल्हा निधीकडे वळवता येईल का, यावर इथल्या वकील मंडळींनी बसून बोलावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

वेळ संपली. ज्यांचे पैसे आज कोर्टात आहेत, त्यांच्यासाठी एफडीच्या अर्जाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे. एकच पान आहे, घेऊन जा.