जयगडची हवा आणि इंजिनचं ड्रॉइंग

(टगच्या डेकवरून खाडी)

ही जयगडची खाडी. शास्त्री नदी इथं समुद्राला मिळते. पलीकडं ते मोठं जहाज दिसतंय ना, तसली जहाजं धक्क्याला लावायला टग लागतात, आणि टग म्हणजे वर एक केबिन, बाकी खाली सगळं इंजिनच. चला खाली. जिना उभा आहे, जपून.

(इंजिन रूम)

सहा सिलिंडर. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, 280 मिलिमीटर, म्हणजे पिस्टन जेवणाच्या ताटाएवढा. फिरतं मिनिटाला 750 वेळा, फोर स्ट्रोक असल्यामुळं दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे एकेका सिलिंडरमधे सेकंदाला सहा वेळा. आणि पेटतं तेव्हा आत 180 बारच्या आसपास प्रेशर असतं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 180 पट. गुणाकार करून बघा, पिस्टनवर 110 टनांच्या वर भार येतो.

(यार्डात काढून ठेवलेला क्रँकशाफ्ट)

तो सगळा भार शेवटी जातो कुठं तर इथं, पिस्टनच्या वरखाली हालचालीचं फिरणं करणाऱ्या या दांड्यावर. आमच्याबरोबरच्या मॅडमनी बोट ठेवलंय ती जागा नीट बघा, गोल पिन जिथं बाजूच्या जाड पट्टीला, म्हणजे वेबला, मिळते तो छोटासा गोलावा, त्याला फिलेट म्हणतात. क्रँकशाफ्टला क्रॅक सुरू व्हायच्या हक्काच्या जागा दोन, एक हा फिलेट आणि दुसरी ते तेलाचं भोक, त्याची कड. मॅडम मूळच्या याच जिल्ह्यातल्या, काम पुण्यात, मोठ्या इंजिनांच्या डिझाइनमधे. डिझाइन म्हटलं की लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं फिरवायची. तीही फिरवतात, पण हा गोलावा किती मिलिमीटरचा ठेवायचा यावर महिनोन् महिने भांडणं चालतात, कारण मोठा केला की बेअरिंगची रुंदी कमी होते, लहान केला की क्रॅकला आमंत्रण. स्टीलचा तुकडा लॅबमधे 1 कोटी वेळा वाकवून टिकला तर साधारण तो पास समजतात. हे इंजिन सलग चालवलं तर एकेका सिलिंडरचे 1 कोटी झटके 19 दिवसांच्या आत पूर्ण होतात! म्हणजे लॅबची परीक्षा इथं तीन आठवडेसुद्धा पुरत नाही.

(परत इंजिन रूम, कूलरखालचा पाइप)

आता आम्ही ज्याच्यासाठी इतका वेळ खाली घामात उभे होतो ते. हा पाइप. यातून पाणी गळतंय, आणि ही लीकेज नाहीये. हे पाणी हवेतलं आहे.

टर्बोचार्जर बाहेरची हवा ओढतो, चारपट दाबतो, दाबली की ती तापते, म्हणून कूलरमधे थंड करायची आणि मग सिलिंडरला द्यायची. थंड हवा जास्त मावते, जास्त डिझेल जाळता येतं, सोपं आहे. पण हवा आपली आहे ना, कोकणातली. 35 डिग्री, 80 टक्के दमट. अशी हवा चारपट दाबली की तिच्यातलं पाणी 58 डिग्रीच्या आसपासच सुटायला लागतं. कूलरनं ती 45 पर्यंत खाली आणली तर 1500 किलोवॅटच्या इंजिनात, पूर्ण लोडवर, तासाला शंभर लिटरच्या वर पाणी निघतं. हो, लिटर. आम्हीपण दोनदा विचारलं.

ते पाणी ड्रेननं बाहेर गेलं तर ठीक. नाही गेलं तर थेंब हवेबरोबर सिलिंडरमधे, लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, तेल धुऊन जातं, डिझेलमधलं सल्फर आणि पाणी मिळून ॲसिड होतं, लायनर झिजतो. मग हवा कमी थंड करा? तर पॉवर घटते, एक्झॉस्ट तापतो. कुठं थांबायचं हे ठरवणं म्हणजेच मॅडमची नोकरी.

आणि आता गंमत ऐका. कॅटलॉगमधे इंजिनचा डिझेलचा खप छापलेला असतो तो आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकात ठरवलेल्या, हवेवर. ती हवा कशी, तर 25 डिग्री आणि ह्युमिडिटी 30 टक्के. 30 टक्के! आपल्याकडं तीस टक्क्याला कपडे तरी वाळतील का पावसाळ्यात, म्हणजे वाळतील, पण तीस टक्के येणार कुठून. जहाजांच्या नियमात हवा 45 डिग्री, ह्युमिडिटी 60 टक्के आणि समुद्राचं पाणी 32 डिग्री धरतात, ते बरंच बरं. पण इंजिन टेस्टला उभं राहतं घाटावर, जिथं मे महिन्यातल्या दुपारी हवा कोरडी ठाक असते. तिथं या पाइपातून थेंब येत नाही, त्यामुळं पाइप बारीक आहे हे कोणाला कळतही नाही. टेबलावर बसून दमट हवा कळत नाही, इथं यावं लागतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(काका आणि मॅडम)

हे काका, फिटर, आयुष्य इंजिन रूममधे गेलंय. ते मॅडमना सांगतायत, "बाय, पावसात हा पाइप पुरत नाय, पाणी आत तुंबतं." मॅडम वहीत लिहून घेतायत आणि उलट विचारतायत, "काका, ओहोटीला वाढतं का गाळ आल्यावर?" म्हणजे कूलर गार करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, गाळानं चोंदतो का ते. या गप्पा तासभर चालल्या, आम्ही थोड्याच ठेवल्यात.

(टगचा धूर, खाडी)

धूर दिसतोय तो प्रश्न आहेच, 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलीय.

2025 च्या एप्रिलमधे संरक्षण मंत्रालयानं 6 मेगावॅटचं मरीन डिझेल इंजिन देशात डिझाइन करायला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला मंजुरी दिली, 270 कोटींचं काम, 70 टक्के पैसे सरकारचे. चांगली गोष्ट आहे. टेस्टला हवा मात्र किनाऱ्यावरची द्या.

मॅडमनी परत गेल्यावर ड्रेनचा पाइप जाड करायचा बदल ड्रॉइंगमधे टाकलाय, मंजुरीच्या सह्या चालू आहेत, आला तर पुढच्या इंजिनांना येईल. या टगवर काकांनी जाड पाइप कधीच वेल्ड करून टाकलाय.