फुलं दिली, फोटो काढला, झालं?

पत्रिकेत माझा विषय ‘वयभेद आणि पिढ्यांमधला संवाद’ असा छापलाय, विषय छानच आहे, पण मी सरळ एका तक्रारीपासून सुरुवात करतो. आपण ज्याला पिढ्या जोडणारे कार्यक्रम म्हणतो ना, त्यातले बरेचसे वयभेद, म्हणजे वयावरून होणारा भेदभाव, कमी करत नाहीत, उलट पक्का करतात.

तुम्ही पाहिलं असेलच. शाळेची चाळीस मुलं वृद्धाश्रमात येतात, रांगेत उभी राहतात, दोन गाणी म्हणतात, मग प्रत्येक आजी-आजोबांच्या हातात एकेक फूल, मग फोटो, आणि तासाभरात बस निघते. आजोबा बसलेत फूल धरून, ते ठेवायचं कुठे तेही कळत नाहीये, आणि या सगळ्या तासात त्यांना कुणी नावसुद्धा विचारलेलं नाही. मुलं काय शिकली? म्हातारी माणसं म्हणजे खुर्चीत बसणारी, ज्यांच्याकडे दयेने बघायचं असतं अशी. शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो हो, मी त्यांना नावं ठेवत नाहीये.

वयभेदाला इंग्रजीत एजिझम म्हणतात, हा शब्द १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने वापरला. वॉशिंग्टनजवळच्या एका वस्तीत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी घरं करायची ठरली होती आणि तिथल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला, त्यावरून. म्हणजे मुद्दा पहिल्यापासून शेजाराचा आहे, आमच्या शेजारी म्हातारे नकोत! पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अहवाल काढला, त्यात म्हटलंय की जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल पूर्वग्रह आहे. आणि हे एकतर्फी नाही बरं का, त्याच अहवालात असंही आहे की युरोपात वयावरून भेदभाव होतो असं सांगणाऱ्यांत तरुण जास्त आहेत. ‘तुला काय कळतंय’ हासुद्धा एजिझमच, आणि तो आपण केस पांढरे झालेले लोक सर्रास करतो.

बरं, हे फक्त मन दुखावण्यापुरतं असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पन्नाशीपुढच्या ६६० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, बरीच वर्षं माहिती गोळा केलेली होती, तर स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. आता याचा अर्थ नुसतं हसत राहा आणि जास्त जगा असा कुणी काढू नका, एका अभ्यासावरून असं होत नसतं. पण लहानपणापासून म्हाताऱ्यांबद्दल जे ऐकलं ते साठच्या पुढे आपण स्वतःलाच लावून घेतो, हे मात्र पटण्यासारखं आहे.

तर जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अहवालात वयभेदावर तीन उपाय दिलेत: कायदे-धोरणं, शिक्षण आणि पिढ्यांचा प्रत्यक्ष संपर्क. पहिल्या दोघांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, मी तिसऱ्यावर येतो. संपर्क आला की पूर्वग्रह जातो असं आपण धरून चालतो, पण गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच याला अटी घातल्या होत्या, दोन्ही बाजू बरोबरीच्या हव्यात, काम एकच हवं, ते मिळून करायला हवं, आणि वरून संस्थेचा पाठिंबा हवा. आता या अटी फुलांच्या कार्यक्रमाला लावून बघा. पाठिंबा सोडला तर एकही अट पुरी होत नाही.

याउलट अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधला एक्सपीरियन्स कोअर हा उपक्रम बघा. साठीपुढचे लोक प्राथमिक शाळांत वर्षभर, आठवड्याला किमान १५ तास, मुलांना वाचायला मदत करायचे. आठवड्याला पंधरा तास म्हणजे पाहुणे नाही राहिले ना ते, त्या दिवशी आले नाहीत तर एखाद्या मुलाचं वाचन अडतं, कुणीतरी वाट बघतं. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास नावाचं ज्येष्ठांचं निवासस्थान आहे, तिथे विद्यार्थ्यांना भाडं न घेता खोली देतात, बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून राहायचं. नर्सिंग करायचं नाही, शेजारी व्हायचं. मला हे फार आवडतं, कारण यात उपकार कुणाचेच कुणावर नाहीत, खोलीची गरज त्यांना, सोबतीची यांना, हिशोब उघड आहे.

लहान प्रमाणावर करायचं तरी हेच सूत्र. समजा आठवणी रेकॉर्ड करायचा उपक्रम आहे. सोळा वर्षांची मुलगी कागदावर प्रश्न लिहून येते, ‘तुमच्या काळी कसं होतं?’ वगैरे, आजी दोन वाक्यांत उरकतात, दोघी अवघडलेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आजीच विचारतात, ‘तू अशी पेंगतेस का गं, झोप होत नाही का रात्रीची?’ आणि मग परीक्षा, घरची भांडणं, सगळं बाहेर येतं. कामाचा भाग तिथून पुढे सुरू होतो, आणि एकदाच्या भेटीत आपण तिथपर्यंत पोचतच नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी पण खूप असतात. मोठा हॉल नको, आवाज घुमतो आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते गप्प बसतात, मग मुलांना वाटतं यांना बोलायचंच नाही. तीन-चार जणांचे गट करा, समोरासमोर बसवा. कुणाला स्मृतिभ्रंश असेल तर मुलांना आधी सांगा की त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतील, पुन्हा उत्तर द्यायचं, बस्स. मुलं हे मोठ्यांपेक्षा सहज घेतात. आणि तरुणांनी मोबाईल शिकवायचा, ज्येष्ठांनी शिकायचं एवढ्यावरच थांबू नका, तिथेही एकच बाजू कायम अडाणी ठरते, पुढच्या वेळी उलटं करा.

आयोजकांना एकच विनंती, पहिल्या बैठकीला उपक्रम ठरवून नेऊ नका. रिकामा कागद न्या, दोन्ही वयाची माणसं बसवा आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे, भांडली तरी चालतील, बॅनर नंतर छापा.