आजीच्या वाकळी

श्रोतेहो, नमस्कार.

आमची आजी माण तालुक्यातली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. ‘गांधीबाबाला मारलं त्या साली मी नांदायला आले,’ एवढाच तिचा वयाचा हिशेब. त्यावरून धरलं तर ती गेली तेव्हा नव्वदीला टेकली होती. शेत, गुरं, बाळंतपणं, सासूसासऱ्यांची दुखणी, सगळं तिनं निभावलं. तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांनी निभावलं. मला आज बोलायचंय ते तिच्या गोधड्यांबद्दल. आमच्याकडे वाकळ म्हणतात.

वाकळीचं काम उन्हाळ्यातलं. सुगी उरकलेली, पेरणीला अवकाश. सारवलेल्या अंगणात एक धड लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर जुनी धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, विटलेल्या चोळ्यांचे तुकडे असे लावायचे की कुठे उंचवटा राहू नये. वरून दुसरं लुगडं. मग कडेनं धावदोरा सुरू व्हायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत, मध्यापर्यंत यायचा. खडूची रेघ नाही, पट्टी नाही, तरी ओळीला ओळ लागून. टाका लांब पडला की ती आमच्याकडून उसवून घ्यायची. म्हणायची, ‘रात्री पोराच्या पायाचं बोट अडकतंय त्यात.’ मला विचाराल तर त्या एका वाक्यात तिची सगळी कला आहे. देखणेपण होतंच, पण ते झोपणाऱ्या पोराच्या पायापासून सुरू व्हायचं.

1972 च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि मदतीत मिळणारी सुकडी. त्या साली वाकळ झाली नाही, कारण जुनं कापड उरलंच नव्हतं. होतं ते अंगावर फाटेपर्यंत वापरलं जात होतं. तरी थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला तिनं स्वतःच्या लुगड्याचा मऊ भाग कापून दुपटं आणि कुंची शिवली. पुढे घरात नायलॉनच्या साड्या आल्या. त्या तिनं वाकळीत कधी घातल्या नाहीत. घसरतात, घाम टिपत नाहीत, म्हणायची.

घरात राबणाऱ्या बाईच्या कामाची मोजदाद कशी होते, तेही पाहा. लोकांचा वेळ कशात जातो याच्या 2019 च्या देशव्यापी पाहणीत, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी 299 मिनिटं जातात असं दिसलं, ते करणाऱ्या पुरुषांची 97. आणि जनगणनेत फक्त घर सांभाळणारी बाई आजही ‘काम न करणाऱ्यां’त मोजली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब थोडं बरं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. म्हणून त्यातल्या कितीतरी आज गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट आपल्यापुढे आहेत. वाकळींवर मात्र शिवणारणीचं नाव नसतं. आमच्या घरातल्या तीन वाकळी आजीच्या की तिच्या जावेच्या, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुमच्या घरी शिवणारी आजी, आत्या, मावशी असेल तर वाकळ पुढ्यात पसरून तिच्याजवळ बसा. हा तुकडा कुणाच्या सदऱ्याचा, हा काठ कोणत्या लुगड्याचा, विचारा आणि तिच्याच आवाजात मोबाइलवर घेऊन ठेवा. आणि वाकळीच्या एका कोपऱ्यात तिचं नाव, गाव, साल दोऱ्यानं शिवून टाका. तिच्याच हातानं शिवलंत तर फार बरं.