टोपी काढायची की ठेवायची

[दृश्य: इतवारी, कापडाचं दुकान. फेटा बांधणाऱ्याचे हात.]

नागपूरची इतवारी. लग्नसराई सुरू आहे. नवरदेवाच्या मामांना स्टुलावर बसवलंय आणि फेटा बांधणाऱ्याच्या हातात मीटरभर रुंद, आठ-नऊ मीटर लांब सुती कापड आहे. आधी कापडाला चुण्या घालून त्याची पट्टी करायची. एक टोक पाठीवर सोडायचं, हा शेमला. मग पट्टी कपाळावरून तिरकी वर, कानाच्या मागून खाली, मानेवरून फिरून पुन्हा कपाळावर. नीट बघा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाबून धरतो. टाचणी नाही, गाठ नाही, सगळा जोर कापडाच्या ताणाचा. कापड ढिलं पडलं की तो पुन्हा मागचे दोन फेरे सोडतो. शेवटचं टोक चुण्या करून वर खोचलं की तुरा उभा राहतो.

आजकाल शिवलेले तयार फेटेही मिळतात. दुकानात त्यांचा ढीग आहे. पण हाताने बांधलेल्या फेट्याची डोक्यावरची पकड त्यांना नाही.

आता मामा मंगल कार्यालयात शिरतील. तिथे त्यांना फेटा काढायला कोण सांगेल? तो काढायचा म्हणजे सगळा उलगडायचा, आणि जाताना पुन्हा बांधणारा शोधायचा. आपल्याकडे माणूस दारात पायातलं काढतो आणि डोक्यावरचं ठेवतो, त्यामागे हे साधं कारणही आहे. वहाण एका झटक्यात निघते, पागोटं निघत नाही.

[दृश्य: सदर, ऑल सेंट्स कॅथेड्रल. प्रार्थनेला येणारी माणसं.]

इंग्रज साहेबाचं नेमकं उलटं होतं. त्याच्या बुटाला नाड्या, आणि हॅट मात्र एका हाताने उचलता येणारी. हॅटची कड ऊनपावसासाठी, छपराखाली तिचं काम संपतं. त्यात धर्माचीही भर पडली. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात पुरुषाने प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकू नये आणि स्त्रीने झाकावं, असं सांगितलंय. सदरच्या या चर्चच्या दारात पुरुषांचे हात आजही आपोआप डोक्याकडे जातात. त्यांच्या जागी ती रीत खरीच आहे, आणि पाळायलाच हवी. इंग्लंडमध्ये तर तिच्यावरून खटल्यात दंड झालाय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना १६७० साली लंडनच्या न्यायालयात डोक्यावर हॅट ठेवल्याबद्दल दंड भरायला सांगितलं होतं. क्वेकर माणसासमोर हॅट काढत नसत, फक्त देवासमोर काढत.

इंग्रज इथे राज्य करायला आले तेव्हा दोन्ही रिती एकाच उंबरठ्यावर भेटल्या. हिंदी माणसाने कचेरीत पागोटं ठेवावं आणि जोडे काढावेत, अशी अपेक्षा असे. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला आणि त्यावरून मोठा वाद झाला. इंग्रजी धाटणीचे बूट-मोजे घालणाऱ्यांना पुढे सूट मिळाली. डोक्यावरचा वाद नंतर आला. डिसेंबर १९२० मध्ये याच नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं आणि पांढरी खादीची टोपी गावोगाव दिसू लागली. कित्येक न्यायालयांत आणि कचेऱ्यांत ती टोपी घालून आत येऊ देत नसत. डोकं झाकून यावं, पण या टोपीने नाही, असा तो हुकूम.

[दृश्य: ताजबाग, रुमाल आणि टोप्यांची दुकानं. मग कामठी रोड, गुरुद्वाऱ्याचं प्रवेशद्वार.]

ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात डोकं झाकूनच जातात. ज्याच्याकडे काही नसेल तो दारातून रुमाल घेतो. गुरुद्वाऱ्यातही तसंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवक सामुदायिक प्रार्थनेला भगवी टोपी घालून बसतात. पूजेला बसलेल्या यजमानाच्या डोक्यावर टोपी असते. लग्नात सोयऱ्याला दुपट्टा-टोपीचा आहेर होतो, आणि तो घरातच, बसल्या जागी डोक्यावर घालतात. मुलीच्या बापाने व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवलं, तर त्याच्यापाशी देण्यासारखं आणखी काही उरलं नाही असं समजतात.

[दृश्य: मे महिना, दुपार. सीताबर्डीचा रस्ता, पांढरे दुपट्टे.]

आणि हे ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. खिशात कांदा, कानावरून घट्ट बांधलेला पांढरा दुपट्टा, गाडीवरच्या मुलींच्या तोंडाला स्कार्फ. हा दुपट्टा उन्हाचा आहे. सावलीत आल्यावर तो सोडायला कुणाची हरकत नसते, पाणी प्यायच्या आधीच माणूस तो सोडतो. फेटा, टोपी आणि हा दुपट्टा एकाच डोक्यावर असले तरी एकाच कामाचे नाहीत.

[दृश्य: बँकेच्या दारावरची पाटी. बाहेर बाकावर पांढऱ्या टोपीतले आजोबा.]

पाटीवर मात्र सगळं एकाच ओळीत आहे: हेल्मेट, टोपी, स्कार्फ काढून आत या. कॅमेऱ्यात चेहरा दिसावा म्हणून. हेल्मेटचं आणि स्कार्फचं पटतं. टोपी चेहऱ्याचा कोणता भाग झाकते? आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "काहून काढू? बोडक्या डोक्यानं सायबापुढं जाऊ काय?" त्यांच्या लेखी बोडकं डोकं सुतकातल्या माणसाचं. काही जण अशा पाटीपाशी माघारी फिरतात, काही टोपी खिशात घालून मान खाली घालून आत जातात.

पाटी बदलायला फार काही लागत नाही. हेल्मेट आणि तोंडावरचा स्कार्फ काढा, एवढं लिहावं. टोपी, पागोटं, पगडी आणि डोक्यावरचा पदर यांचा उल्लेखच नको. आणि दारावरच्या रक्षकाला तेवढं एकदा सांगून ठेवावं.