पहाटेचं रक्त

(दृश्य : वॉर्डातलं घड्याळ, ४:४०)

ठाण्यातलं एक सार्वजनिक रुग्णालय. पावसाळ्यात मेडिसिनचा वॉर्ड म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या. काल सकाळी ८ ला या युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायची पाळी, लागली. जेआर वन, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर, तेव्हापासून उभाच आहे. राउंडच्या आत सगळ्यांचं रक्त काढून लॅबला गेलं पाहिजे.

(दृश्य : ट्रे, हात, रंगीत झाकणं)

नळ्या भरायचा क्रम बघा. आधी निळं झाकण, मग लाल, मग जांभळं, शेवटी राखाडी. जांभळ्या नळीत पोटॅशियमचं ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. त्याचा अंश लाल नळीत गेला की पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. निळी नळी खुणेपर्यंत भरायलाच हवी : ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट (तेही रक्त गोठू देत नाही). कमी भरली, तर रक्त गोठायचा वेळ उगाचच लांबलेला येतो.

जांभळी नळी लगेच ८-१० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करायची. ते राहिलं की आत बारीक गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यांत अडकतात आणि डेंग्यूच्या पेशंटचा काउंट आहे त्याहून खाली येतो. मग पुन्हा सुई.

यात अवघड काही नाही, फक्त हात झोपलेला नको. खरं तर हे तंत्रज्ञाचं काम. रात्री तो नसतो. वॉर्डबॉय मामा एकटेच, ते ट्रॉली घेऊन एक्स-रेला गेलेत.

(दृश्य : जिना, नळ्या घेऊन उतरणारा डॉक्टर)

म्हणून हमालीही डॉक्टरकडेच.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं लिहिलंय. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने सुचवलेली कमाल मर्यादा : आठवड्याला ७४ तास. आकडा कुठल्या दिशेने सरकला, ते दिसतंच आहे.

(दृश्य : डॉक्टरांची खोली. दोन खाटा, चार सॅक)

पेंगुळल्या हाताला सुई टोचली, तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ड्यूटी चालूच.

(दृश्य : खिडकीबाहेर लोकल, पाऊस)

सव्वासात. लॅबमधून फोन : खाट १७, जांभळी नळी गोठलीय.

(दृश्य : खाट १७. आजी स्वतःच बाही वर सारतात.)