रातकिड्याचे कान गुडघ्याखाली

ऐकू येतंय? किर्रर्र...

आमच्या नागपुरात जूनमध्ये दमदार पाऊस झाला की उन्हाळाभर घरघरणारा कूलर बंद होतो, आणि मग कळतं, घरात रातकिडा आहे! काल रात्री टॉर्च घेऊन मी अर्धा तास शोधला. फ्रिजमागे नाही, कपाटाखाली नाही. मादीला मात्र तो अंधारात, गवतातून चालत जाऊन बरोबर सापडतो. कसा?

आपलं डोकं मोठं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि जरा मोठा ऐकू येतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली. दोन्हींत जेमतेम सेंटिमीटरभर अंतर. सेकंदाचे एक लाख तुकडे करा, त्यातल्या तिनांत आवाज तेवढं अंतर कापतो. एवढ्या फरकावर काय ठरवणार?

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. त्याच्या कानाच्या पडद्यावर आवाज दोन्ही बाजूंनी येतो. बाहेरून येतोच, शिवाय छातीच्या बाजूला श्वासाची छिद्रं असतात, तिथून आत शिरतो, नळीतून पायात उतरतो आणि त्याच पडद्याला मागून लागतो. दाराचा पडदा आठवा. दोन्हीकडून सारखाच वारा आला तर तो हलत नाही. एकीकडून ढकलला आणि त्याच क्षणी दुसरीकडून ओढला, तर मस्त फुगतो. नर डावीकडे गात असेल तर डाव्या कानात हे ढकलणं-ओढणं जुळतं, उजव्यात बरंचसं कटतं. मादी जोरात ऐकू येईल तिकडे वळते, चालते, पुन्हा वळते.

1913 मध्ये जीवशास्त्रज्ञ योहान रेगेन यांनी नराचं गाणं टेलिफोनवरून ऐकवलं. नर दिसत नव्हता, त्याचा वासही नव्हता. तरी माद्या रिसीव्हरकडे चालत गेल्या!

पण हे गाणं आणखी कुणीतरी ऐकतं. अमेरिकेतली ऑर्मिया नावाची माशी. तिच्या कानांत अर्ध्या मिलिमीटरचंच अंतर, पण दोन्ही पडदे बागेतल्या सी-सॉसारख्या कडक पट्टीने जोडलेले. दोन अंशांपर्यंत अचूक दिशा ओळखते ती. गाणाऱ्या नरावर अळ्या सोडते, आणि त्या त्याला आतून खातात.

ही माशी हवाईतल्या काउआई बेटावर पोचली. वीसेक पिढ्यांत तिथले बहुतेक नर रातकिडे मुके झाले. पंखांवर पंख ते अजूनही घासतात. आवाज निघत नाही.