गडचिरोलीचं जंगल स्वालबार्डला कसं गेलं?

[दृश्य: धानोरा तालुका. ग्रामसभेची खोली. टेबलावर जुना लॅपटॉप, शेजारी हातातलं जीपीएस.]

मेंढा-लेखा याच तालुक्यातलं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी आपल्या जंगलाची हद्द पायी फिरून मोजली. नाला, बोडी, पहाडीचा कोपरा. एकेका खुणेवर उभं राहून जीपीएसवर बिंदू घ्यायचा. अशा बिंदूंवरून नकाशा आणि क्षेत्रफळ काढणारा एक छोटा प्रोग्राम इथल्या पोरांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलाय. सोर्स कोड सगळ्यांना खुला.

त्यांचा स्वतःचा कोड थोडकाच. नकाशाच्या फायली वाचते जीडॅल, अक्षांश-रेखांशाचे मीटर करते प्रोज. दोन्ही मुक्त लायब्ररी (तयार कोडचे संच), जगभर वापरातल्या. म्हणजे अवघड गणित सगळं दुसऱ्यांच्या कोडमध्ये. आणि डोकेदुखीही तिथूनच.

[दृश्य: टर्मिनल, अगदी जवळून.]

पोरांच्या मशीनवर उबुंटू या लिनक्स सिस्टिमची २२.०४ आवृत्ती, ग्रामसभेच्या लॅपटॉपवर जुनी १८.०४. पेनड्राइव्हवरून तयार प्रोग्राम आणला, चालवला. एकच ओळ उमटली: लिबजीडॅल डॉट एसओ डॉट ३० ही फाइल उघडता येत नाही. सचिवताई मागून डोकावल्या.

"तुमच्या इथं तं चाले ना, मंग इथं कायले अडलं?"

अडलं, कारण या लॅपटॉपवर जीडॅल आहे, पण २० आकड्याची. बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवताना, ज्या आकड्याशी प्रोग्राम जोडला गेला, चालवताना तोच हवा. बरं, ३० ची फाइल उचलून इथं टाकावी, तर तिला जीलिबसी नवी लागते. जीलिबसी म्हणजे सिस्टिमचा पाया. ती एकटी बदलायला गेलात तर लॅपटॉपच बसेल. म्हणून लिनक्सवाल्यांचा जुना रिवाज: ज्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालवायचंय, तिथल्याच सिस्टिमवर बिल्ड करा. जुन्या जीलिबसीवर केलेलं नव्या जीलिबसीवर चालतं, उलटं नाही. बाकीच्या लायब्ररी मात्र सोबत द्याव्या लागतात.

बिल्डला हेडर फायलीही लागतात, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या. उबुंटूत त्या 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर 'डेव्हल'च्या, मॅकवर पॅकेज बसवणारं होमब्रू सगळं एकत्रच देतं. विंडोजवर लायब्ररी आणून देणारं व्हीसीपीकेजी किंवा एमएसवायएस२ आधी बसवा, मग पुढचं बोला. बिल्डची तयारी करणारं सीमेक यातला बराच शोध स्वतः घेतं, एवढा दिलासा.

[दृश्य: दोन स्क्रीन शेजारीशेजारी. एकावर गडचिरोली, दुसऱ्यावर बर्फ.]

प्रोग्राम सुरूच झाला नाही, तर निदान कळतं तरी. खरा घोळ सुरू झाल्यावरचा. तोच कोड, तेच बिंदू. १८.०४ वर जीडॅल २.२, तिथं जंगल जागेवर. गावात आलेल्या एका कार्यकर्त्याच्या मॅकवर जीडॅल ३, तिथं तेच जंगल नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर! एरर नाही, इशारा नाही.

झालं असं. २०१९ साली जीडॅल ३ आली आणि प्रोज ६ च्या जोडीनं तिनं ठरवलं, की प्रत्येक निर्देशांक पद्धतीचा (जागा आकड्यांत सांगायच्या पद्धतीचा) अधिकृत क्रमच पाळायचा. जीपीएसच्या ४३२६ क्रमांकाच्या पद्धतीत आधी अक्षांश, मग रेखांश. तोवर उलटं चालायचं, पोरांनीही उलटंच लिहिलेलं. मग रेखांश ८० चा झाला उत्तर अक्षांश ८०, आणि आपण पोचलो आर्क्टिकमध्ये. दुरुस्ती एका ओळीची: जुना क्रमच पाळ, असं जीडॅल ३ ला स्पष्ट सांगायचं. जीडॅल २ ला ती ओळ समजत नाही, म्हणून आवृत्ती पाहून ती घालायची.

[दृश्य: आपले सरकार सेवा केंद्र. विंडोजचा संगणक.]

इथं सगळ्या डीएलएल (विंडोजवरच्या लायब्ररीच्या फायली) प्रोग्रामच्या शेजारी ठेवल्या, तरी मीटर निघेनात. राहिली होती प्रोज डॉट डीबी. ती लायब्ररी नाही, प्रोजला लागणाऱ्या निर्देशांक पद्धतींच्या माहितीची साधी फाइल, म्हणून डीएलएल गोळा करणाऱ्या कुठल्याच हत्याराच्या नजरेत येत नाही.

सगळं सोबत बांधून द्यावं की सिस्टिमचं वापरावं, यावर जाणकारांत वाद आहे. डेबियनवाले (उबुंटू ज्या लिनक्सवर उभं, त्याचे लोक) सोबत बांधण्याच्या विरोधात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीत हार्टब्लीड हा सुरक्षेचा मोठा दोष सापडला, तेव्हा सिस्टिमची लायब्ररी वापरणारे एका अपडेटमध्ये सुटले. ज्यांनी आपली प्रत पोटात ठेवली होती, त्यांना सगळं पुन्हा बिल्ड करावं लागलं. तरीही जिथं टॉवर पावसात दोन-दोन दिवस बंद असतो, तिथं इंटरनेटवरून पॅकेज घ्या म्हणणं म्हणजे थट्टाच. इथं सोबत बांधणंच बरं. फक्त आत कुठली लायब्ररी कितव्या आवृत्तीची, याची यादी त्याच फोल्डरमध्ये हवी.

पोरांनी आता बिल्डच्या शेवटी एक चाचणी बसवलीय. अक्षांश २०, रेखांश ८० हा जिल्ह्यातला बिंदू द्यायचा आणि यूटीएमच्या (जग पट्ट्यांत वाटून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या) ४४ उत्तर पट्ट्यात त्याचे मीटर मागायचे. पूर्वेचा आकडा ३ लाख ९५ हजारांच्या आसपास आला तर ठीक. नाही आला, तर बिल्ड तिथंच थांबतो आणि ती फाइल कुणालाच दिली जात नाही.